गारपिटीचा अनुभव आवश्यक

११ मार्च

नोकरी गेली. आणि तीही कधी — ऑफिसात सगळ्यांनी घरून एकेक पदार्थ आणायचा होता त्या दिवशी!

पहाटे उठून पंचवीस माणसांचा मसालेभात केला होता. अकरा वाजता मला एका लहान खोलीत बोलावलं. टेबलावर कागदी रुमालांचा डबा ठेवलेला, रडणाऱ्यांसाठी. तो बघूनच कळलं. एचआरची पोरगी — वय माझ्याहून निम्मं — म्हणाली, "तुमच्या कामाशी याचा काही संबंध नाही." मग कशाशी आहे? मसालेभाताशी? हे मनातल्या मनात. मान हलवत राहिले, जणू तिचीच समजूत काढतेय.

लॅपटॉप ठेवून घेतला. पातेलं मात्र "आठवणीने घेऊन जा" म्हणाले.

१२ मार्च

सकाळी मसालेभात. रात्री मसालेभात.

१४ मार्च

वकीलबाईंकडे जाऊन आलो. मिसेस रोझेन. त्यांचं प्रत्येक उत्तर "तसं नक्की सांगता येत नाही, पण" असं सुरू होतं. त्या वाक्याचेही त्या पैसे लावतात.

प्रकरण असं आहे. बारा वर्षांपूर्वी कंपनीने सरकारला लिहून दिलं, की या बाईशिवाय आमचं चालत नाही, हिला अमेरिकेत कायमचं राहू द्या. तेव्हापासून ग्रीन कार्डाच्या रांगेत उभी आहे. आता कुठे नंबर तोंडावर आला, तर त्याच कंपनीने मला लिहून दिलं — तुमच्याशिवाय आमचं चालतं!

रांगेतली जागा जात नाही म्हणे, निकाल लागेपर्यंत इथे राहताही येतं. पण कार्ड हातात द्यायच्या वेळी माझ्याकडे नोकरी हवी, आणि ती अर्जात लिहिलेल्या नोकरीसारखीच हवी. बारा वर्षांपूर्वी मी विमा कंपनीचं सॉफ्टवेअर तपासत होते, तर आजही मी सॉफ्टवेअरच तपासलं पाहिजे. मधल्या काळात माणूस वाढला, शहाणा झाला, हे सरकारला चालत नाही.

"तशीच म्हणजे किती तशी?" मी विचारलं.

"तसं नक्की सांगता येत नाही, पण बरीच तशी."

"आणि नाहीच मिळाली तर?"

इथे मात्र बाई सरळ बोलल्या. अर्ज फेटाळणार. मग परत जायचं.

नवऱ्याचं, अंबादासचं, सगळं माझ्या अर्जाला बांधलेलं. लेक शर्वरी इथे जन्मली, ती अमेरिकन. म्हणजे घरातली एकच व्यक्ती राहू शकते, आणि ती सातवीत आहे! रात्री तिला सांगितलं तर म्हणाली, "घाबरू नका. मी एकवीसची झाले की तुम्हाला बोलावून घेईन. पण तोवरचं तुमचं वागणं बघून."

हसले. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

१६ मार्च

सोलापूरहून आईचा फोन. "अगं, आपल्या रेशनकार्डालाही आठ महिने लागले होते. कुणाला तरी जाऊन भेट."

बारा वर्षांत कुणाला भेटायचं तेच कळलं नाही, आई!

२० मार्च

सरकारचं पत्र! नोकरी अजून आहे ना, दाखवा. जूनच्या मध्यापर्यंत.

बारा वर्षं यांना माझी आठवण झाली नाही. नोकरी गेल्यावर नवव्या दिवशी बरी झाली.

२९ मार्च

अंबादासला दुकानात काम करू द्यायचं की नाही याचा विचार करावा लागेल. एम.कॉम. झालेला माणूस आमच्या डॅलसजवळच्या फ्रिस्कोत देशी किराणा दुकानात गल्ल्यावर बसतो आणि गावभरच्या व्हिसांची खबर ठेवतो. माझी खबर त्याने पहिल्याच दिवशी वाटून टाकली. आता भेंडी घ्यायला आलेली प्रत्येक बाई माझ्याकडे दुखवट्याला आल्यासारखी बघते.

आज त्याने तिथेच एका वेंकट रावांची गाठ घालून दिली. गळ्यात जाड साखळी, हातात दोन फोन. कंपन्यांना माणसं पुरवायची कन्सल्टन्सी आहे म्हणे.

"मॅडम, चिंता सोडा. आपल्याकडे पत्र आहे."

"आणि नोकरी?"

"नोकरी नाही. पत्र आहे." मग जरा दुखावल्या आवाजात, "तुम्हाला पत्रच पाहिजे ना?"

बारा वर्षं सरळ मार्गाने रांगेत उभी राहिले ते शेवटच्या खिडकीशी खोटा कागद द्यायला? नको म्हटलं. घरी येताना अंबादास सिग्नलला म्हणाला, "माणूस बोलायला चांगला होता की."

"मग त्याच्याशीच बोलत बस."

३ एप्रिल

आज एका नव्या कंपनीने काम देऊ केलं. व्यवस्थापक! हाताखाली नऊ माणसं, पगार आधीपेक्षा जास्त. आनंदाने वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "तसं नक्की सांगता येत नाही, पण फारच मोठी आहे."

सतरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा बढती चालून आली, आणि हात जोडून नको म्हणावं लागलं. पलीकडचा माणूस गोंधळला. त्याला वाटलं मी पगारासाठी अडून बसलेय, म्हणून त्याने आणखी वाढवला! आणखी वाढवल्यावर आणखी वाईट वाटलं.

१३ एप्रिल, रविवार

मिळाली!! मिळाली म्हणजे, दिसली.

अंबादास दुकानातून कोथिंबिरीच्या जुड्या आणि खाली पसरायला रविवारचा पेपर घेऊन आला. निवडता निवडता जाहिरातीवर नजर गेली. सॉफ्टवेअर परीक्षक पाहिजे. विमा कंपनी, इथेच, प्लेनोला. एवढ्या वर्षांचा अनुभव, अमुक येत असावं, तमुक येत असावं — सगळं मला येतं. आणि शेवटी काय? "गारपिटीच्या दाव्यांचं सॉफ्टवेअर तपासल्याचा अनुभव आवश्यक."

गारपीट! हे काम अख्ख्या डॅलसमध्ये दोघांनी केलंय. एक मी. दुसरा बॉब, तो निवृत्त होऊन मासे पकडतो. कुणी माझं माप घेऊन शिवल्यासारखी नोकरी!

एकच विचित्र — अर्ज टपालाने पाठवा म्हणतात. फोन नाही, ईमेल नाही. अंबादास म्हणाला, "जुन्या वळणाची कंपनी दिसते. माणसं चांगली असणार."

१४ एप्रिल

अर्ज टाकला. पेटीत टाकायच्या आधी अंबादासने पाकिटाला हळदीचं बोट लावलं. अमेरिकेच्या टपालखात्याला काय वाटलं असेल कोण जाणे.

२० एप्रिल

काही नाही.

२४ एप्रिल

आज जे झालं ते लिहायलाच हवं, नाहीतर उद्या मला स्वतःलाच खरं वाटायचं नाही.

सौजन्याला जेवायला बोलावलं होतं. गुंटूरची पोर, तिशीची, एकटी राहते. माझ्या जुन्या कंपनीत वर्षभर होती, मला अक्का म्हणते. आता कुठल्या कंपनीत आहे ते मी कधी नीट विचारलंच नव्हतं. पुऱ्या तळता तळता तिला जाहिरातीचं सांगितलं. ती हसत सुटली. हसता हसता ओट्याला टेकली.

"अक्का! पेपरातल्या जाहिरातीला कुणी अर्ज करतं का? आपल्यातलं कुणी?"

"का? काय झालं?"

"ती जागा रिकामी नसतेच. तिच्यावर आपलाच कुणीतरी बसलेला असतो. त्याला ग्रीन कार्ड द्यायचं तर कंपनीला दाखवावं लागतं, की बघा, आम्ही जाहिरात दिली होती, पण लायक असा इथला माणूस मिळाला नाही. म्हणून द्यायची तिथे, जिथे कुणी बघत नाही. टपालाने अर्ज! ते मुद्दाम, अक्का!"

म्हणजे एसटीत रुमाल टाकून जागा धरतात, तसं. आणि मी त्या रुमालावर जाऊन बसले! मला तरी हे कळायला नको होतं? बारा वर्षांपूर्वी माझीही जाहिरात अशीच आली होती. तेव्हा कुणाचा अर्ज येऊ नये म्हणून रोज मारुतीला जात होते. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते खोटं नाही.

"कुठल्या कंपनीची होती पण?" तिने डोळे पुसत विचारलं.

मी नाव सांगितलं. हसू जागच्या जागी थांबलं. ती तिचीच कंपनी. जाहिरात तिचीच!

"पण त्यात गारपीट आहे," मी म्हटलं. "तुला गारपिटीचं काय येतं?"

खाली बघायला लागली. "अक्का... तीन वर्षांपूर्वी मी तुमचा बायोडेटा नेला होता. नमुना म्हणून."

नमुना! नाव बदललं, फोन नंबर बदलला, गारा तशाच राहिल्या. त्यावर तिला नोकरी लागली, आणि तोच कागद समोर ठेवून कंपनीच्या वकिलाने जाहिरात लिहिली. म्हणून मला माझं माप वाटलं — माझंच होतं! आपल्यात बायोडेटा हळदीकुंकवाच्या वाणासारखा घरोघर फिरतो. माझाही मुळात दुसऱ्याचाच. पण गारा माझ्या स्वतःच्या होत्या!

चिडणार होते. तेवढ्यात तिच्या डोळ्यांना धार लागली. लायक इथला माणूस निघाला तर तिचा अर्ज तिथेच संपतो. आणि तिच्याकडे तर काहीच नाही, माझ्यासारखी रांगेतली जागासुद्धा नाही. नुसता कामाचा व्हिसा. नोकरी गेली तर साठ दिवस. तेवढ्यात दुसरी मिळाली नाही की विमान.

कढईत एक पुरी काळी पडली. मग अंबादास म्हणाला, "पण ही कुठे इथली आहे?"

खरंच की! माझ्याकडे कार्ड कुठेय? सरकारच्या लेखी मी इथली नाहीच. माझ्या अर्जाने तिचं काही बिघडत नाही.

माझं काही सुधारतही नाही. पण पुऱ्या गरम होत्या, म्हणून जेवून घेतलं.

२८ एप्रिल

सौजन्याच्या कंपनीतून फोन! डेनीस नावाची बाई. आवाज असा, की कुणाच्या तरी ऑपरेशनचा निकाल ऐकायला बसलीय.

"तुमचा अर्ज आला. तुम्ही... तुम्ही नागरिक आहात का?"

"नाही."

"ग्रीन कार्ड?"

"नाही. अर्ज केलाय, अजून मिळालेलं नाही."

"नक्की नाही ना?"

"नक्की नाही."

"अगं बाई, किती छान!"

बारा वर्षांत माझ्याकडे ग्रीन कार्ड नाही म्हणून एवढा आनंद कुणालाच झाला नव्हता. मीही "थँक्यू" म्हणून बसले.

२ मे

काय गारा पडल्या दुपारी! आधी हरभऱ्याएवढ्या, मग लिंबाएवढ्या, शेवटी शेवटी तर कवठाएवढ्या. छप्पर गेलं. गाडीची काच गेली. अंबादास मसालेभाताचं पातेलं डोक्यावर घालून मिरचीची रोपं आत आणायला धावला. तीन वाचली. पातेल्याला पोचे आलेत.

पाऊस थांबून अर्धा तास नाही झाला तर छप्परवाले दारात! एकामागून एक तिघे. पहिला म्हणाला, "ताई, तुमचं छप्पर बघून काळजात कालवाकालव झाली." खिशात माप घ्यायची पट्टी.

६ मे

डग नावाच्या माणसाचा फोन. सौजन्याचा साहेब. खास टेक्सासी बोलणं — आधी आमच्या छपराची चौकशी, मग त्याच्या कुत्र्याची हकीकत, मग मुद्दा.

त्यांच्याकडे गारपिटीचे हजारो दावे आलेत, आणि सॉफ्टवेअर प्रत्येकाला "किरकोळ ओरखडा" म्हणतंय. लोक फोनवर शिव्या घालताहेत. सौजन्याच्या बायोडेटात गारपीट आहे म्हणून काम तिच्याकडे दिलं. ती तीन दिवस "बघतेय" म्हणतेय. मग त्याला आठवलं, की डेनीसच्या टेबलावर असाच आणखी एक कागद पडलाय.

"बाई, तुम्हाला खरंच यातलं कळतं का, की तुम्हीही नुसतं बघता?"

८ मे

मुलाखत. काचेची खोली. बाहेर सौजन्या, चेहरा पांढरा फटक. मघाशी जिन्यात हात धरून म्हणाली होती, "अक्का, सांभाळून घ्या."

गारांचं विचारल्यावर मात्र मी सुटले. तुमचं सॉफ्टवेअर गारेचा आकार विचारतं, वाऱ्याची दिशा विचारत नाही. त्या दिवशी वारा उत्तरेचा होता. छपरं उत्तरेकडून फुटली, आणि हे मोजतंय दक्षिणेकडची बाजू! डगने जाग्यावरून उठून कुणाला तरी बोलावलं, त्याने आणखी कुणाला. पाऊण तास बोलले. इतकं बरं वाटलं. मार्चपासून कुणी मला माझ्या कामाचं काही विचारलंच नव्हतं.

शेवटी डगने दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. तिचा आणि माझा.

"हा परिच्छेद शब्दाला शब्द सारखा आहे. कसा काय?"

काचेबाहेर सौजन्याने डोळे मिटून घेतले होते.

काय सांगणार? खरं सांगितलं तर पोरगी संपली. खोटं सांगितलं आणि उघडं पडलं तर मी संपले, आणि माझ्याबरोबर अंबादास.

"आम्ही दोघी एकाच कागदावरून शिकलो," म्हणाले. खोटं नव्हतं.

डगने तिचा कागद उचलून उजेडात धरला. मग म्हणाला, "तिच्या कागदात पाणी शिरलेलं दिसतंय."

"वाळवून देते."

१२ मे

नोकरी दिली! जाहिरातीतली नाही — ती सौजन्याचीच राहिली. तिच्या शेजारची, खरी, रिकामी.

डगला माझं कौतुक करायचं होतं. पदाचं नाव लिहिलं "मुख्य तज्ज्ञ". मी जवळजवळ ओरडलेच. "नको! नुसतं परीक्षक लिहा!" त्याला वाटलं केवढी ही विनम्र बाई. वकीलबाईंना कागद पाठवला. त्या म्हणाल्या, "बरीच तशी आहे." "तसं नक्की" वगैरे काही न लावता! सगळं सरकारकडे रवाना.

आज पुरणपोळी केली. शर्वरीने सॉस लावून खाल्ली. आज तिला तेही माफ.

२७ मे

सौजन्याला रोज जेवणाच्या सुट्टीत गारा शिकवते. हुशार आहे, पण कंटाळा फार. आज म्हणते, "अक्का, बायोडेटात चक्रीवादळ का नाही लिहिलं तुम्ही? तेवढंच सोपं पडलं असतं."

"लिहिलं असतं तर तेही नेलं असतंस."

१९ जून

काही नाही. सरकारच्या साइटवर रोज बघते. "तुमचा अर्ज मिळाला आहे." मिळून बारा वर्षं झाली की रे बाबांनो!

८ ऑगस्ट

आलं!!!

पेटीत वीजबिल, छप्परवाल्याचं पत्रक, आणि मध्ये तीन पाकिटं. दोन कार्डं, एक नुसतंच अभिनंदन. तिथेच फुटपाथवर बसले. समोरच्या घरातली म्हातारी बाहेर येऊन "पडलीस का गं?" विचारून गेली.

अंबादासने कार्ड उलटसुलट करून बघितलं. "एवढंच?" म्हणाला. मग स्वतःच्या फोटोकडे बघून, "यात मी नुकताच सुटून आल्यासारखा दिसतोय." आणि एकदम हमसून रडायला लागला. एवढ्या वर्षांत मी त्याला एकदाही रडताना पाहिलं नव्हतं. शर्वरीने त्याच्या पाठीवर थोपटलं आणि माझ्याकडे बघून खांदे उडवले.

सौजन्याला फोन केला. किंचाळली, नाचली, पेढे मागितले. मग विचारलं, तुझं कुठवर आलं? "माझं? रांगेत उभं राहायला परवानगी मिळावी, असा अर्ज करायची तयारी चाललीय," म्हणाली आणि हसली. तिच्याशी बोलताना माझा आनंद मला जरा दडवावासा वाटला.

११ ऑगस्ट

सकाळी डगने सगळ्यांना काचेच्या खोलीत बोलावलं. टेबलावर रुमालांचा डबा होता. आमचा विभागच बंद. मी, सौजन्या, डग स्वतः — सगळे.

खाली पार्किंगमध्ये सौजन्या तिच्या गाडीत बसलेली. किल्ली हातात, गाडी बंद. मी काचेवर टकटक केली. काच खाली घेतली. ओठ हलत होते, ती साठ दिवसांच्या तारखा मोजत होती. मग एकदम भानावर येऊन माझा हात धरला. "अय्यो अक्का, तुमचंही गेलं ना! आता तुमचं कसं होणार?"

मलाही तेव्हाच कळलं.

"माझी नुसती नोकरी गेली गं," मी म्हणाले.